ट्रीवॉकर: वेब पानातला मजकूर वेचून देणाऱ्या अवजाराचे परीक्षण

एका दिवाळी अंकाच्या जुन्या वर्षांची पाने युनिकोडमध्ये आणून देण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यात अंगावर घेतले. पाने एचटीएमएलमध्येच होती, पण युनिकोड रुळण्यापूर्वीची. म्हणजे डोळ्यांना देवनागरी दिसावी म्हणून विशिष्ट फॉन्ट लावलेला आणि आत प्रत्यक्षात रोमन अक्षरे, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे आणि इतर खुणांची सरमिसळ. तो फॉन्ट संगणकावर नसला की सगळा लेख गिचमिड दिसतो, आणि शोधयंत्रांना तर तो कायमच गिचमिड दिसत आलेला असतो. कोणत्या खुणेचे कोणते अक्षर करायचे याचा तक्ता माझ्याकडे तयार होता. घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी: हा तक्ता नेमका कशाला लावायचा? पानातला मजकुराचा प्रत्येक तुकडा सापडायला हवा होता आणि त्याच वेळी टॅग, दुवे, चित्रांचे पत्ते आणि पानातल्या स्क्रिप्ट यांना चुकूनही हात लागता कामा नये होता. या कामासाठी ब्राउझरमध्ये जी साधने आधीपासून बसवलेली असतात, त्यांपैकी ट्रीवॉकर हे मी पुढचे काही महिने रोज वापरले. ते विकत घ्यावे लागत नाही, उतरवून घ्यावे लागत नाही, कोणत्याही लायब्ररीची, म्हणजे तयार संहितेच्या संग्रहाची, त्याला गरज नाही. तरीही वापरून पाहिलेल्या कोणत्याही वस्तूचे करावे तसे त्याचे परीक्षण करायला हरकत नसावी.

ब्राउझर पान वाचतो तेव्हा तो त्याचे एक झाड उभे करतो, ज्याला डॉम म्हणतात. झाडावरच्या एकेका गाठीला नोड म्हणतात. परिच्छेद, दुवा, तक्ता हे या झाडावरचे एलिमेंट नोड. त्यांच्या पोटात जो प्रत्यक्ष मजकूर असतो तो मात्र एलिमेंटचा भाग नसून स्वतंत्र टेक्स्ट नोड असतो. प्रत्येक नोडला प्रकाराचा एक क्रमांक असतो: एलिमेंटचा १, मजकुराचा ३, टिप्पणीचा ८ आणि खुद्द दस्तऐवजाचा ९. हे वाचायला सोपे वाटते, पण एक छोटे उदाहरण करून पाहिले की पहिला धक्का बसतो. एक यादी घ्या, तिच्यात आंबा, काजू आणि कोकम अशा तीन नोंदी प्रत्येकी वेगळ्या ओळीवर लिहा, यादीचा उघडणारा आणि मिटणारा टॅगही आपापल्या ओळीवर ठेवा आणि त्या यादीखालचे टेक्स्ट नोड मोजा. उत्तर तीन येत नाही, सात येते. तीन फळांचे तीन, आणि टॅगांच्या मधल्या नुसत्या ओळतोडीचे चार. वाचणाऱ्याला जे कधीच दिसत नाही, तेही झाडावर इमानेइतबारे लटकलेले असते.

ट्रीवॉकरकडे वळण्याआधी इतर मार्ग का बाद झाले ते सांगते, कारण अवजाराची किंमत पर्यायांच्या शेजारी ठेवल्यावरच कळते. पहिला मोह इनर-एचटीएमएलचा होतो: पानाची सगळी संहिता एका लांबलचक ओळीत घ्यायची, तिच्यात शोधून बदलायचे आणि परत ठेवून द्यायचे. जुन्या फॉन्टच्या बाबतीत हा मार्ग सपशेल आत्मघातकी आहे. तिथे साधे रोमन अक्षरच एखाद्या मराठी व्यंजनाचे चिन्ह असते, त्यामुळे तक्ता लावताच टॅगांची नावेदेखील देवनागरी होऊन बसतात. त्यावर कसबसे पांघरूण घातले तरी दुसरी अडचण उरते. या फॉन्टांत 'पेक्षा लहान' हे चिन्ह किंवा अँपरसँड हेसुद्धा अक्षरांसाठी वापरलेले असतात, आणि इनर-एचटीएमएलमध्ये ती चिन्हे मूळ रूपात न येता चार-पाच अक्षरी सांकेतिक रूपात येतात. म्हणजे एका खुणेच्या जागी तक्त्याला भलत्याच पाच खुणा दिसतात. टेक्स्ट नोडच्या नोडव्हॅल्यूत, म्हणजे त्याने धरलेल्या मजकुरात, मात्र हे संकेत आधीच उलगडलेले असतात, आणि परत लिहिताना ब्राउझर तो मजकूर टॅग म्हणून वाचायला जात नाही. शिवाय इनर-एचटीएमएल परत ठेवले की आतले सगळे नोड नव्याने जन्माला येतात आणि त्यांना जोडलेल्या घटना-श्रोत्यांचे, म्हणजे क्लिकसारख्या घटनेला प्रतिसाद देणाऱ्या फंक्शनांचे, दुवे तुटतात. जुन्या अंकाच्या निर्जीव पानांत त्याने बिघडत नाही. चालत्या संकेतस्थळावर बिघडते.

क्वेरीसिलेक्टरऑल हे सगळ्यांच्या हातातले अवजार, पण ते इथे कामालाच येत नाही, कारण ते ज्या सीएसएस या पानाच्या सजावटीच्या भाषेतल्या निवडकांवर चालते ते फक्त एलिमेंट निवडू शकतात. 'या परिच्छेदातला टेक्स्ट नोड दे' असे म्हणण्याची सोयच त्या भाषेत नाही. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरणाऱ्यांना कंटेंट्स ही पद्धत ठाऊक असते. ती मजकूर आणि टिप्पण्या दोन्ही आणून देते, मग नोडटाइप ३ आहे का ते पाहून गाळायचे. ते ठीक चालते, पण ती एका पायरीखालचेच नोड देते, म्हणून आधी सगळे एलिमेंट गोळा करा, त्यात मूळ एलिमेंट पुन्हा मिळवा, अशी कसरत करावी लागते.

स्वतःच आवर्ती फंक्शन लिहिणे हा मार्ग मला मनापासून आवडतो आणि शिकणाऱ्याने तो एकदा तरी लिहावाच. नोड मजकुराचा असेल तर यादीत टाका, नसेल तर त्याच्या प्रत्येक मुलासाठी हेच फंक्शन पुन्हा बोलवा. सहा-सात ओळींत काम होते. त्यातली मेख इतकीच की चाइल्डनोड्स ही यादी जिवंत असते. फिरता फिरता तुम्ही एखादा नोड काढला किंवा घातला की ती तिथल्या तिथे आखूड किंवा लांब होते आणि मोजणीचा आकडा एक घर चुकतो. असे झाले की त्रुटीसंदेश येत नाही, फक्त एखादा परिच्छेद न बदललेला राहतो, आणि तो तीनशे पानांत शोधत बसावे लागते.

एक्सपाथ, म्हणजे झाडावरची वाट लिहून नोड मागण्याची भाषा, हा मात्र तोडीस तोड प्रतिस्पर्धी आहे. डॉक्युमेंटच्या इव्हॅल्युएट या पद्धतीला 'दोन तिरप्या रेषा, टेक्स्ट, रिकामा कंस' इतके सांगितले की पानातले सगळे टेक्स्ट नोड एका दमात मिळतात. निकाल कोणत्या रूपात हवा त्याचा क्रमांक द्यायचा असतो. दस्तऐवजाच्या क्रमाने गोठवलेली प्रत हवी असेल तर ७. ही गोठवलेली प्रत हे एक्सपाथचे मोठे बळ, कारण नंतर पानात कितीही उलथापालथ केली तरी हातातली यादी जागची हलत नाही. फायरफॉक्समधल्या ग्रीझमंकीच्या, म्हणजे परक्या पानांवर आपल्या स्क्रिप्ट चालवू देणाऱ्या जोडणीच्या, काळातल्या स्क्रिप्ट उघडून पाहिल्या तर त्या एक्सपाथने भरलेल्या आढळतात. पण या सोयीचे दस्तऐवजीकरण वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडून २००४ मध्ये कार्यगटाच्या टिपणाच्या रूपातच प्रसिद्ध झाले, शिफारशीचा दर्जा त्याला मिळाला नाही, आणि इंटरनेट एक्सप्लोररने एचटीएमएल पानांसाठी ही पद्धत शेवटपर्यंत दिली नाही. आजच्या ब्राउझरांत ती चालते. तरी मी तिच्यावर थांबले नाही, आणि त्याचे कारण पुढे गाळणीच्या ओघात येईल.

आता मुख्य वस्तू. ट्रीवॉकर हे नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झालेल्या डॉमच्या दुसऱ्या पातळीच्या 'ट्रॅव्हर्सल अँड रेंज' या भागातून आले. त्याचा जुळा भाऊ नोडइटरेटर त्याच भागातला. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते पोहोचायला २०११ ची नववी आवृत्ती यावी लागली, आणि त्यामुळेच बहुधा एका अख्ख्या पिढीने ते शिकलेच नाही. वापर असा: क्रिएटट्रीवॉकरला आधी मूळ नोड द्यायचा, म्हणजे बहुतेक वेळा बॉडी, मग कोणत्या प्रकारचे नोड दाखवायचे तो आकडा, आणि मग हवी असल्यास गाळणी, म्हणजे कोणता नोड घ्यायचा ते ठरवणारे फंक्शन. हातात आलेल्या फिरस्त्याला नेक्स्टनोड म्हणत राहायचे आणि तो नल, म्हणजे 'काही उरले नाही', असे उत्तर देईपर्यंत मिळेल ते घ्यायचे. मूळ नोड सोडला तर बाकीच्या दोन गोष्टी ऐच्छिक आहेत.

मधला आकडा नवख्याला हमखास चकवतो. टेक्स्ट नोडचा प्रकार ३ आहे, म्हणून लोक तिथे ३ लिहितात आणि पदरी भलतेच नोड पडतात. इथे प्रकाराचा क्रमांक चालत नाही, त्या प्रकारासाठी राखून ठेवलेला बिट द्यावा लागतो: एलिमेंटला १, मजकुराला ४, टिप्पणीला १२८. तीन लिहिले तर ते एक अधिक दोन, म्हणजे एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट असे वाचले जाते, आणि मजकूर एकही येत नाही. आकडे पाठ करण्यापेक्षा नोडफिल्टरखाली शो-टेक्स्ट हे नाव आहे तेच लिहावे. सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळते.

इतके केले की साधे काम संपते, आणि मला विचाराल तर ट्रीवॉकरचा हा भाग आवर्ती फंक्शनाहून थोडाच सरस आहे. त्याची खरी करामत गाळणीत आहे. टेक्स्ट नोड शोधणे अवघड नाहीच. अवघड आहे ते कोणते टेक्स्ट नोड आपले नव्हेत हे ठरवणे. पानातल्या स्क्रिप्टचा मजकूर हाही टेक्स्ट नोड असतो, स्टाइलमधले सीएसएस हाही टेक्स्ट नोड असतो, आणि ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालू असेल तर नोस्क्रिप्टच्या पोटातली सगळी संहिता, टॅगांसकट, एकच सलग टेक्स्ट नोड म्हणून येते. माझ्या पहिल्या फेरीत पानाच्या तळाशी असलेल्या भेटींच्या मोजणीच्या स्क्रिप्टचे अस्सल देवनागरीत रूपांतर झाले होते. ती मोजणी केव्हाच बंद पडलेली असल्याने कोणाचे नुकसान झाले नाही, पण तो 'व्हेरिएबल' शब्दाचा देवनागरी अवतार मी जपून ठेवला आहे.

गाळणी प्रत्येक नोडला तीनपैकी एक उत्तर देते. ॲक्सेप्ट म्हणजे हा घ्या. स्किप म्हणजे हा नको, पण याच्या पोटात शिरा. रिजेक्ट म्हणजे हा नको आणि याच्या पोटातले काहीही नको. हा तिसरा पर्याय ट्रीवॉकरला नोडइटरेटरपासून वेगळा काढतो, कारण नोडइटरेटरला झाडाचे भान नसून फक्त रांगेचे असते आणि त्याच्या लेखी रिजेक्ट व स्किप एकच. इथेच ती गफलत होते जी मी स्वतः केली आणि नंतर इतरांच्याही लिखाणात पाहिली: दुसऱ्या जागी नुसते शो-टेक्स्ट द्यायचे आणि गाळणीत 'एलिमेंट स्क्रिप्ट असेल तर रिजेक्ट' असे लिहायचे. हे कधीच घडत नाही, कारण दाखवायच्या प्रकारांत जो नोड बसत नाही तो गाळणीपर्यंत पोहोचतच नाही. परस्पर स्किप धरला जातो. संपूर्ण फांदी छाटायची तर एलिमेंट आणि मजकूर असे दोन्ही मागावे लागतात, म्हणजे आकडा ५, आणि मग गाळणीत स्क्रिप्ट, स्टाइल, नोस्क्रिप्ट, टेक्स्टएरिया यांना रिजेक्ट, उरलेल्या एलिमेंटांना स्किप आणि योग्य त्या मजकुराला ॲक्सेप्ट.

एक्सपाथमध्येही 'ज्याच्या पूर्वजांत स्क्रिप्ट नाही असा मजकूर' असे लिहिता येते. पण माझी अट वेगळ्या जातीची होती. अंकात इंग्रजी उतारे होते, लेखकांचे ईमेल पत्ते होते, आणि त्यांना जुना मराठी फॉन्ट लावलेला नव्हता. ते जसेच्या तसे राहायला हवे होते. काही पानांत फॉन्टचे नाव फॉन्ट टॅगात होते, काहींत स्टाइलमध्ये. म्हणून गाळणीत मी नोडच्या पालकाची गणित केलेली शैली विचारते आणि तिच्यातल्या फॉन्टच्या नावांत जुन्या फॉन्टचे नाव आहे का ते पाहते. संगणकावर तो फॉन्ट असो वा नसो, शैलीत जाहीर केलेली नावे तशीच मिळतात. हा निर्णय एक्सपाथच्या व्याकरणात मांडता येत नाही, ट्रीवॉकरच्या गाळणीत मात्र तो जावास्क्रिप्टच्या दोन ओळींत बसतो. एकाच परिच्छेदातल्या अनेक तुकड्यांसाठी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ नये म्हणून पालकागणिक उत्तर एका मॅपमध्ये साठवून ठेवले, इतकेच.

तक्रारीची जागाही याच गाळणीत आहे. फंक्शनातून उत्तर परत द्यायला विसरलात, किंवा बाणाच्या फंक्शनाला महिरपी कंस घालून रिटर्न लिहायचे राहिले, तर ट्रीवॉकर कुरकुरत नाही. अनडिफाइंडचा शून्य होतो, शून्य म्हणजे तीनांपैकी काहीच नाही, आणि व्यवहारात तो स्किपसारखा वागतो. फिरस्ता सगळे झाड फिरून रिकाम्या हाताने परत येतो. गंमत म्हणजे ट्रू परत दिले तर त्याचा १ होतो आणि ॲक्सेप्टही १ आहे, त्यामुळे खरे-खोटे उत्तर देणारी गाळणी योगायोगाने बरोबर चालते आणि आपल्याला तिचा नियम कळला असे वाटत राहते, जोवर रिजेक्टची गरज पडत नाही तोवर. पंचवीस वर्षे जुन्या आखणीकडून कडक तपासणीची अपेक्षा करू नये हे कबूल. पण फॉर-ऑफने थेट फिरता येईल अशी साधी सोयसुद्धा अजून तिच्यात आलेली नाही आणि व्हाइलचा तोच तो साचा दर वेळी लिहावा लागतो, हे खटकते.

रिकामे नोड गाळण्यासाठी ट्रिम करून काही उरते का ते पाहणे हा सर्वांचा परिपाठ. मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात दोन बारकावे आहेत. जावास्क्रिप्टचा ट्रिम न तुटणारी मोकळी जागाही काढून टाकतो, एक्सपाथचे नॉर्मलाइझ-स्पेस ती काढत नाही. म्हणून एकाच पानावर दोघांची मोजणी जुळत नाही, आणि जुन्या पानांत परिच्छेदाची सुरुवात अशा पाच-सहा जागा घालूनच केलेली असे, त्यामुळे फरक चांगलाच जाणवतो. दुसरा बारकावा शून्य रुंदीच्या जोडकाचा. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र काही लेखनपद्धतींत या अदृश्य चिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो. ट्रिम त्याला मोकळी जागा मानत नाही आणि मानूही नये. 'अदृश्य ते सगळे पुसा' असे धडाक्याचे नियम उसने घेतले की 'दऱ्या'चे 'दर्या' होते आणि डोंगरातल्या दरीच्या ठिकाणी समुद्र येतो.

सापडलेल्या नोडवर काम करतानाचे वागणे हा परीक्षणातला पुढचा मुद्दा. नुसती नोडव्हॅल्यू बदलायची असेल तर चालता चालता बदला, काही होत नाही. नोडच बदलायचा असेल, उदाहरणार्थ शोधलेला शब्द पिवळा करण्यासाठी नोड काढून त्या जागी तीन नवे नोड घालायचे असतील, तर ट्रीवॉकर दगा देतो. त्याचा पाय ज्या फांदीवर असतो ती तुम्ही कापलेली असते. सुटलेल्या नोडला ना पालक ना भावंड, म्हणून पुढचा नेक्स्टनोड नल देतो आणि काम पहिल्याच शब्दावर संपते. उलट, नोड न काढता स्प्लिटटेक्स्टने त्याचे तुकडे केले आणि मधल्या तुकड्याला मार्क टॅगमध्ये गुंडाळले, तर पुढच्या पावलावर तोच शब्द पुन्हा सापडतो, पुन्हा गुंडाळला जातो आणि टॅब गोठेपर्यंत हे चालू राहते. नोडइटरेटर नोड काढल्यावर आपली जागा सावरून घेतो. एवढ्या एका गुणात तो उजवा आहे. उपाय सोपा आहे आणि मी तो न चुकता करते: आधी सगळे नोड एका ॲरेत गोळा करायचे, फिरणे संपवायचे, आणि मगच हत्यार उचलायचे. शब्द फक्त रंगवायचाच असेल तर आता झाडाला हात न लावताही ते जमते. क्रोमने २०२२ मध्ये १०५ व्या आवृत्तीत आणलेल्या सीएसएस कस्टम हायलाइटमध्ये टेक्स्ट नोड आणि त्यातला पल्ला दिला की रंग लागतो. नोड शोधायला तिथेही ट्रीवॉकरच लागतो.

आता ज्या प्रसंगाने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो. जुन्या फॉन्टांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'वि' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी येते, मग व. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रूपांतराचा तक्ता ही अदलाबदल करतो, पण ती एका सलग तुकड्यात. एका वर्षीच्या अंकात प्रत्येक लेखाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस केलेली होती, आणि ज्या कोणी ते केले त्याने पहिली खूण तेवढी वेगळ्या टॅगात टाकली होती. 'विदर्भ' या शब्दाने सुरू होणाऱ्या लेखात त्यामुळे भलीमोठी वेलांटी एका टेक्स्ट नोडमध्ये आणि 'वदर्भ' दुसऱ्यात, अशी वाटणी झाली. ट्रीवॉकरने दोन्ही नोड चोख आणून दिले, तक्त्याने दोन्ही चोख बदलले, आणि पानावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली निराधार वेलांटी आणि तिच्यामागे 'वदर्भ' असे उमटले.

यात ट्रीवॉकरचा दोष नाही, पण त्याच्या मर्यादेचे याहून नेमके उदाहरण मला देता येणार नाही. तो नोड देतो. शब्द, वाक्य, परिच्छेद या गोष्टी त्याच्या गावी नाहीत. नॉर्मलाइझ ही पद्धत शेजारशेजारचे टेक्स्ट नोड एकत्र करते आणि रिकामे काढून टाकते, पण मध्ये टॅग असेल तर तिचाही इलाज चालत नाही. शेवटी मी नोडांची यादी परिच्छेदांप्रमाणे गटांत वाटली, गटातल्या सगळ्या तुकड्यांचा मजकूर सलग जोडून पाहिला, आणि जिथे एखादा तुकडा लटकत्या वेलांटीवर संपतो तिथे पुढच्या तुकड्याचे पहिले व्यंजन, जोडाक्षर असेल तर सगळे जोडाक्षर, मागच्या तुकड्यात ओढून घेतले. रफाराचे याच्या उलट: जुन्या फॉन्टात तो अक्षराच्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी, म्हणून तुकड्याच्या सुरुवातीला रफार दिसला तर तो मागे ढकलायचा. 'विदर्भ'चा वि आता मोठा आणि अखंड दिसतो.

त्याच पानांतली आणखी एक खोच सांगून ठेवते, कारण ती कोणाच्या तरी दोन संध्याकाळी वाचवेल. पानावर वर्णसंच म्हणून आयएसओ ८८५९-१ असे लिहिलेले असले तरी ब्राउझर ते विंडोज १२५२ म्हणूनच वाचतो. तसा नियमच आहे. त्यामुळे फॉन्टच्या तक्त्यात ज्या अक्षराचा क्रमांक १४५ लिहिलेला असतो, ते टेक्स्ट नोडमध्ये ८२१६ या क्रमांकाने, म्हणजे वळणदार एकेरी अवतरणचिन्ह म्हणून हजर असते. १२८ ते १५९ या टापूतल्या अक्षरांसाठी तक्त्याला ही दुसरी ओळखही शिकवावी लागते. नाहीतर पान जवळजवळ सगळे बरोबर आणि मध्येच एखादे अक्षर अवतरणचिन्ह होऊन बसलेले, असा प्रकार होतो.

ट्रीवॉकरला जे दिसत नाही त्याची थोडक्यात नोंद. टेम्प्लेट टॅगातला मजकूर वेगळ्या तुकड्यात राहतो, तिथे तो शिरत नाही. शॅडो डॉममध्ये, म्हणजे एखाद्या एलिमेंटला आतून जोडलेल्या वेगळ्या झाडात, शिरत नाही. उघडे शॅडो रूट असेल तर त्याच्यासाठी दुसरा ट्रीवॉकर सोडावा लागतो, मिटलेले असेल तर रस्ताच नाही. आयफ्रेम हा वेगळा दस्तऐवज, आणि तो परक्या संकेतस्थळाचा असेल तर हात टेकावे. सीएसएसने आधी-नंतर चिकटवलेला मजकूर झाडावर नसतोच. टेक्स्टएरियात वाचकाने टंकलेला मजकूरही नोडमध्ये नसतो, तिथे फक्त सुरुवातीचा असतो.

पान उघडल्यानंतर नवा मजकूर येत राहत असेल तर सोबत झाडातले बदल कळवणारा म्युटेशनऑब्झर्व्हर लागतो, आणि तिथे आपलाच बदल आपल्यालाच बातमी म्हणून परत येण्याचा फेरा सुरू होतो. इंग्रजी आकडे मराठी करणारी एक लहानशी स्क्रिप्ट मी रोजच्या वाचनासाठी वापरते. इंग्रजी आकड्याच्या क्रमांकात २३५८ मिळवले की त्याच मूल्याचा देवनागरी आकडा मिळतो. शून्याचा ४८ होता, तो २४०६ होतो. बदलायला इंग्रजी आकडा उरलेलाच नसेल तर नोडला हात लावायचा नाही, एवढी अट घातली की फेरा दुसऱ्या वळणावर आपोआप तुटतो. या स्क्रिप्टमध्ये मी नोड कधीच बदलत नाही, फक्त त्याची नोडव्हॅल्यू बदलते. पाने उभारणाऱ्या रिॲक्टसारख्या लायब्ऱ्या आपण तयार केलेले टेक्स्ट नोड लक्षात ठेवतात, आणि ते कोणी परस्पर हलवले तर पुढच्या बदलाच्या वेळी पान कोसळू शकते. ब्राउझरमधले भाषांतर मजकुराला फॉन्ट टॅगात गुंडाळते तेव्हा नेमके हेच घडत असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

गुण द्यायचे तर पाचांपैकी चार. एक गुण गाळणीच्या मौनासाठी कापला. पान साधे असेल, त्यात काही बदलायचे नसून फक्त मजकूर वाचायचा असेल, तर ट्रीवॉकरच्या वाटेला जाऊही नका. टेक्स्टकंटेंट पुरते, आणि दिसतो तेवढाच मजकूर हवा असेल तर इनरटेक्स्ट. गोठवलेली यादी एका ओळीत हवी असेल आणि अट सोपी असेल तर एक्सपाथ घ्या. निवड करायची असेल आणि ती निवड तुमच्या स्वतःच्या विचाराने व्हायची असेल, तर मात्र ट्रीवॉकरला आज ब्राउझरमध्ये दुसरा पर्याय मला दिसत नाही.

दिवाळी अंकांचे काम आता बहुतांश झाले आहे. चित्रांच्या ऑल्टमधला आणि दुव्यांच्या टायटलमधला मजकूर तेवढा अजून जुन्या फॉन्टात आहे. तो ॲट्रिब्यूटमध्ये असल्याने ट्रीवॉकरच्या वाट्याला येतच नाही. त्यासाठी क्वेरीसिलेक्टरऑल काढले आहे, आणि व्यंगचित्रांचे अंक त्यात आधी घेतले आहेत.